गाणे कोणाचे, कौल कोणाचा?

गायकाची पारख जाणकाराने करावी की सामान्य श्रोत्याने, हा वाद जुनाच आहे. दूरचित्रवाणीने मात्र त्याचा निकाल श्रोत्याच्या बाजूने लावला, आणि तोही मतमोजणी करून.

१९९९ साली न्यूझीलंडमध्ये ‘पॉपस्टार्स’ या मालिकेतून गायिकांचा एक संच निवडण्यात आला. पण तेथे निवड परीक्षकांनीच केली होती. ऑक्टोबर २००१ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झालेल्या ‘पॉप आयडॉल’मध्ये सायमन फुलर यांनी अखेरचा कौल प्रेक्षकांच्या हाती दिला. आरंभी परीक्षक हजारोंतून मोजके उमेदवार निवडीत. पुढे त्यांच्याकडे केवळ अभिप्राय उरे, आणि घरबसल्या दूरध्वनी करणारा प्रेक्षक दर आठवड्यास एकेकाला बाद करी. एकाने एकदाच मत द्यावे, असा निर्बंध नव्हता. प्रत्येक दूरध्वनीस शुल्क पडे आणि ज्याला परवडे तो पुनःपुन्हा मत देई. अशा मोजणीत माणसे मोजली जात नाहीत. त्यांची आस्था मोजली जाते, आणि काही अंशी ऐपतही!

ही मांडणी परवान्याने देशोदेशी गेली. अमेरिकेत ती २००२ साली पोहोचली, अरब देशांत २००३ साली. डिसेंबर २००३ मध्ये अकरा विजेत्यांची ‘वर्ल्ड आयडॉल’ ही स्पर्धा लंडनमध्ये भरली. तेथे आपल्याच देशाच्या गायकास मत देण्याची सोय प्रेक्षकांना ठेवलेली नव्हती. अमेरिकेच्या केली क्लार्कसनला मागे टाकून नॉर्वेचा कुर्त निल्सेन विजयी झाला. व्यवसायाने तो नळजोडणी करणारा कारागीर होता. स्वकीयांचा पक्षपात दूर ठेवला की कौल कसा पडतो, याचे हे उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

भारतात ‘सारेगम’ ही स्पर्धा १९९५ पासूनच चालू होती व तीत नामवंत कलावंत गुण देत. २००४ साली ‘इंडियन आयडॉल’ आली, मुंबईचा अभिजीत सावंत तिचा पहिला विजेता ठरला. आणि २००५ साली ‘सारेगमप’नेही प्रेक्षकांची मते मागितली. २००७ च्या अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग व शिलाँगचा अमित पॉल समोरासमोर आले. तमांग कोलकाता पोलिसांत शिपाई होता. त्याच्यासाठी डोंगराळ भागात मंडळे निघाली, वर्गणी जमली, मतांचा पाऊस पडला. या खटाटोपात पुढाकार घेणाऱ्या बिमल गुरुंग यांनी त्याच वर्षी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि स्वतंत्र राज्याची मागणी पुन्हा पेटली. गाण्याच्या स्पर्धेसाठी जमलेले मनुष्यबळ राजकारणास आयतेच लाभले!

गाझा पट्टीतील खान युनूसच्या निर्वासित छावणीत वाढलेला मोहम्मद असाफ ‘अरब आयडॉल’च्या निवडीसाठी कैरोस निघाला, तेव्हा सीमेवरच त्याचा वेळ गेला. तो पोहोचला तेव्हा दारे बंद झाली होती. भिंत चढून तो आत गेला, तर उमेदवारांचे क्रमांक संपलेले. त्याचे गाणे ऐकून दुसऱ्या एका पॅलेस्टिनी उमेदवाराने आपला क्रमांक त्याच्या हाती दिला. २२ जून २०१३ रोजी बैरूतमध्ये असाफ विजयी झाल्याचे जाहीर झाले आणि त्या रात्री गाझा व रामल्ला येथे रस्ते माणसांनी भरून गेले.