घरी बसून दीनी पदवी : अर्ज भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की शाळेतल्या जुन्या मुली विचारायला येतात. पूर्वी प्रश्न ठरलेले असत : बी.ए. करू की डी.एड.? शिवाजी विद्यापीठाचा बहिस्थ फॉर्म कुठं मिळतो? आता त्यात नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मोबाईल पुढं करून मुलगी म्हणते, "आपा, हे इस्लामी विद्यापीठ घरबसल्या डिग्री देतं म्हणे. अब्बा म्हणतात, हे असेल तर शीक. भरू का फॉर्म?"

त्या "हे असेल तर" मध्ये पुष्कळ काही आलं. जत, आटपाडी, माण, खटाव भागातल्या मुलीला कॉलेज म्हणजे रोज एस.टी.चा दोन-तीन तासांचा प्रवास. घरच्यांना काळजी असते, खर्चही असतो. त्यात आलिमाचा कोर्स केलेल्या मुली आहेत. त्यांचं अरबी-उर्दू चांगलं असतं, पण हातात विद्यापीठाचा कागद नसतो. दीनही सुटू नये आणि डिग्रीही मिळावी, ही इच्छा रास्त आहे. म्हणूनच तिचा फायदा घेणारेही पुष्कळ आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार कुणाला, हे यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम २२ नं ठरवलं आहे. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था. बस. नावात 'युनिव्हर्सिटी' किंवा 'जामिया' आहे म्हणून पदवी खरी होत नाही. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करते, त्यात आपल्या महाराष्ट्रातलं एक नाव वर्षानुवर्षं आहे : राजा अरेबिक युनिव्हर्सिटी, नागपूर. केरळमधलं, नावात इस्लामिक आणि प्रॉफेटिक मेडिसिन असलेलं एक विद्यापीठही त्या यादीत आलं आहे. हा खेळ फक्त आपल्याशीच होतो असं नाही. संस्कृत आणि हिंदीच्या नावानं चालणाऱ्या संस्थाही त्याच यादीत आहेत. दीनच्या किंवा भाषेच्या प्रेमानं माणूस चौकशी करायची विसरतो, हे त्या लोकांना ठाऊक असतं.

मग मदरशाच्या सनदीचं काय? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, तेव्हा आपल्याकडे मिठाई वाटली गेली. पण त्याच निकालात कामिल आणि फाजिल या पदवी-पदव्युत्तर दर्जाच्या पदव्यांचा भाग मात्र रद्द झाला, कारण तो यूजीसी कायद्याशी विसंगत होता. ही अर्धी बातमी फार थोड्यांनी वाचली. सनदीचं दीनी मोल तेवढंच राहतं, पण सरकारी नोकरीच्या फॉर्मवर 'पदवीधर' या रकान्यात ती चालत नाही. मात्र अनेक मोठ्या मदरशांची आलिमियत, फजीलत अलीगढ, जामिया मिल्लिया आणि हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ ठरावीक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरतात. मान्य मदरशांची यादी प्रत्येकाची वेगळी असते. आपल्या मुलीचा मदरसा त्यात आहे का, हे आलिमाला घालतानाच बघावं. नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी सोबतच करून घ्यावी. पाच वर्षं झाल्यावर बघू म्हणणाऱ्या घरांत मुलीचं लग्न आधी ठरतं.

वर नावं घेतलेली तिन्ही केंद्रीय विद्यापीठं आहेत. कुणी त्यांना 'मुसलमानांची धार्मिक विद्यापीठं' म्हणतं, ते बरोबर नाही. अलीगढला दीनियातचा विभाग आहे हे खरं, पण तिथं इंजिनियरही घडतात. उर्दू विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं ते भाषेसाठी. त्याच्या दूरशिक्षणात एम.ए.ला उर्दू, इतिहासाबरोबर इस्लामिक स्टडीजही आहे, आणि मुंबईला त्याचं प्रादेशिक केंद्र आहे. आपल्या भागातल्या मुलींसाठी मला हा रस्ता सर्वांत सरळ वाटतो. अडचण एकच, पण ती आपल्याकडे मोठी आहे. तिथं प्रवेशासाठी दहावी, बारावी किंवा पदवीला उर्दू माध्यम किंवा उर्दू विषय असल्याचा पुरावा लागतो. सातारा-सांगलीतली आपली बहुसंख्य मुलं मराठी शाळेत शिकतात. घरी दखनी बोलतात, मकतबमध्ये उर्दू वाचायला शिकतात, आणि गुणपत्रिकेवर उर्दूचा मागमूस नसतो. मकतबचं उर्दू अल्लाहला ठाऊक, विद्यापीठाला नाही! म्हणून आठवी-नववीतल्या मुलांच्या पालकांना मी सांगत असते, शाळेत सोय असेल तर उर्दू विषय घ्या, नसेल तर मान्यताप्राप्त परीक्षा द्या. उर्दूशिवाय शिकायचं असेल तर आपलं शिवाजी विद्यापीठ, नाशिकचं मुक्त विद्यापीठ, इग्नू आहेतच.

परदेशी ऑनलाइन विद्यापीठांचं वेगळं आहे. गांबियात नोंदलेलं, पूर्वी इस्लामिक ऑनलाइन युनिव्हर्सिटी म्हणून ओळखलं जाणारं इंटरनॅशनल ओपन युनिव्हर्सिटी आपल्या बऱ्याच तरुणांना माहीत आहे. इल्मसाठी कुणी तिथं शिकत असेल तर ती त्याची आवड. पण ऑनलाइन घेतलेल्या परदेशी पदवीला भारतात समकक्षता मिळेल असं धरून चालू नये. पदवी बी.एड.साठी किंवा नोकरीसाठी वापरायची असेल तर तिथं पैसे भरण्याआधी दहा वेळा विचार करा.

आता अर्जाचं. विद्यापीठ खरं असलं तरी त्याचा तो अभ्यासक्रम, त्या सत्रासाठी, ऑनलाइन किंवा दूरशिक्षण पद्धतीनं चालवायला मान्य आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर बघावं लागतं. प्रवेशाची सत्रं वर्षातून दोन, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधी डिजिलॉकर, त्यातून एबीसी आयडी, मग डीईबी आयडी. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. तो नंबर भावाचा असतो, भाऊ दुबईला असतो, आणि ओटीपी तिकडं जातो. हसू नका, दर वर्षी एक तरी मुलगी इथं अडकते.

पण खरी अडवणूक नावांची आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटा क्रम. शेख इंग्रजीत लिहिताना कुणी ए-आय घालतं, कुणी डबल ई, कुणी ई-आय, आणि एकाच घरातल्या तीन भावंडांची तीन स्पेलिंगं असतात. गुणपत्रिकेवर बागवान, आधारवर बागबान. मुल्लाचं मुलाणी होतं. मोहम्मदचं कुठं एम.डी. होतं, कुठं एम.ओ.एच.डी. आईच्या नावापुढं 'बी' कधी जोडून, कधी तोडून. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आलं असेल तर आणखी गुंता. संगणक हे सगळे वेगवेगळे लोक समजतो. उपाय आहे, वेळ मात्र लागतो. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्या. लग्नामुळं नाव बदललं असेल तर निकाहनामा किंवा विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद जवळ ठेवा. हे काम प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही, त्याला दोन महिने आधी लागावं. शाबानच्या महिन्यात रमजानची तयारी करतो ना, तसं.

"आम्ही सगळं करून देतो" म्हणणारे एजंटही भेटतील. मिरजेतल्या एका पालकांनी अशाच एकाला रोख रक्कम दिली, पावती मात्र एका 'अकॅडमी'ची मिळाली. यूजीसीच्या नियमानुसार विद्यापीठाला अशी फ्रँचायझी देताच येत नाही. फी विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरावी, सायबर कॅफेवाल्याला त्याच्या कामाचे पैसे वेगळे द्यावेत, आणि पासवर्ड मुलीच्या वहीत असावा, त्याच्या नाही.

पदवी घेऊन पुढं काय, हे अर्जाआधी बोलून घ्या. २०२० च्या नियमांप्रमाणं मान्य विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते, आणि २०२२ मध्ये यूजीसीनं ते पुन्हा सांगितलं. तरी शिक्षिका व्हायचं स्वप्न असेल तर पदवीला शाळेत शिकवला जाणारा विषय घ्यावा : उर्दू, मराठी, इतिहास, इंग्रजी. इस्लामिक स्टडीजची आवड असेल तर एम.ए.ला घ्या, नेटच्या परीक्षेत अरब संस्कृती आणि इस्लामिक स्टडीज हा विषय आहे. ऑनलाइन बी.एड. कुणी देऊ केलं तर फोन ठेवून द्या. दूरशिक्षणातलं बी.एड. आहे, पण ते आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी.

आणि वडीलमंडळींना एक विनंती. घरी बसून शिकणं म्हणजे घरकाम करत करत शिकणं नव्हे. स्वाध्याय असतात, ठरलेल्या तारखा असतात, परीक्षेला केंद्रावर जावं लागू शकतं. रोज दोन तास तिला कुणी हाक मारणार नाही, एवढं घरात ठरलं पाहिजे. ज्या मुलीच्या गावापासून कॉलेज अर्ध्या तासावर आहे तिला मात्र कॉलेजातच पाठवा, असं माझं मत आहे. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं. या भागातल्या आपल्या आजोबांपैकी कितीतरी जण असे घर सोडूनच शिकले. नाती मोबाईलवर शिकत असतील तर ती त्यांची सोय असावी, त्यांना घरात ठेवण्याचं निमित्त नसावं.

पुढचं सत्र जानेवारीचं आहे. आधार आणि दहावीची गुणपत्रिका आज रात्रीच शेजारी ठेवून, अक्षर अक्षर जुळवून बघा.