ओळख करून घ्या, पण आडनावावरून नको

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. पहिल्या दिवशी बसायला जागा नसते, महिन्याभरात दहा-बारा डोकी उरतात. मग आपण कार्यकर्ते म्हणतो, समाजाला धम्माची गोडी राहिली नाही. मीही असेच म्हणत असे.

एका वर्षी ठरले की वाचनाआधी सर्वांची ओळख करून घ्यायची. मी पेशाने कारकून. वही घेतली, रकाने आखले : नाव, आडनाव, मूळ गाव, शिक्षण, नोकरी. प्रत्येकाने उभे राहून सांगायचे. आधी बँकेतले साहेब उठले, मग एक शिक्षिका, मग रेल्वेतले दोघे. धुणीभांडी करणाऱ्या दोन ताई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाळी जवळ आली तशी एक पाणी प्यायला उठली, दुसरी तिच्या मागोमाग गेली. त्या दिवशी त्या परतल्या नाहीत आणि त्या वर्षावासात पुन्हा दिसल्याही नाहीत. रकाने मीच आखले होते, दोष कुणाला देऊ?

आडनाव आणि गाव विचारणे आपल्याकडे साधी चौकशी नसते. कोकणातला की घाटावरचा, धम्मदीक्षेपूर्वीची जात कोणती, हे त्यातूनच चाचपले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतल्यावरही विहाराच्या दारात हीच चाचपणी व्हावी, याची लाज वाटायला हवी.

मज्झिम निकायात एक प्रसंग आहे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू गोसिंग सालवनात राहत होते. तथागत तेथे आले. एकाने त्यांचे पात्र-चीवर घेतले, एकाने आसन मांडले, एकाने पाय धुवायला पाणी ठेवले. बसल्यावर तथागतांनी आधी विचारले, बरे आहात ना, भिक्षा मिळते ना? त्यानंतर विचारले, दूध-पाणी मिसळावे तसे एकोप्याने राहता ना? म्हणजे एकोप्याच्या गोष्टीआधी जेवणाखाण्याची विचारपूस! आपण मात्र आल्या माणसाला पदवी विचारतो.

पुढल्या वर्षी वही घरी ठेवली. सतरंज्या गोलाकार घातल्या, म्हणजे मागची रांग हा प्रकारच उरला नाही. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी पाच मिनिटे बोलायचे आणि मग आपली नव्हे, त्याची ओळख सर्वांना करून द्यायची. चारचौघांत स्वतःविषयी बोलताना जिची जीभ अडखळते, ती दुसरीविषयी मोकळेपणी बोलते. प्रश्न एकच ठेवला : तुमचे नाव कुणी ठेवले, आणि तुम्ही मुलांची नावे कशी ठेवली? सांगायचे नसेल त्याने नुसता जयभीम म्हणावा, सक्ती नाही.

या एका प्रश्नाने विहार बोलू लागले. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत कचरू, दगडू, धोंडाबाई अशी नावे असत. १९५६ नंतर पाळण्यात सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा आले. हा इतिहास घराघरात आहे, पण तो कुणी विचारत नाही. वाचन अर्धा तास उशिरा सुरू झाले. एका ज्येष्ठ उपासकांनी ‘हा पोरखेळ कशाला?’ म्हणून नाराजी दाखवली. त्यांचे वेळेपुरते म्हणणे बरोबर होते. आता आम्ही हे पंधरा मिनिटांत आटोपतो आणि दर आठवड्याला जोड्या बदलतो. लहान मुलांनाही जोडीत घ्यावे, फक्त त्यांना परीक्षेतले टक्के विचारू नयेत.

त्या दोन ताईंच्या घरी आमच्या महिला मंडळाच्या भगिनी स्वतः गेल्या होत्या. एक आली. जोडीला नेमक्या त्याच शिक्षिका आल्या. पाच मिनिटे झाल्यावर शिक्षिका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “या ताईंनी मुलीचे नाव प्रज्ञा ठेवले. स्वतःला वाचता येत नव्हते, म्हणून दुकानदाराकडून कागदावर लिहून घेतले आणि शाळेत नाव घालताना तो कागद पुढे केला. तो कागद अजून त्यांच्या पेटीत आहे.”

ताई मान खाली घालून हसत होत्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “पुढच्या रविवारी आण की गं तो कागद, बघू आम्ही.”