एका संगणकास अनेक वाद्यनियंत्रक
डोणगावसारख्या गावी घरगुती ध्वनिमुद्रणकक्षात एकाच संगणकास अनेक यूएसबी वाद्यनियंत्रक जोडावयाचे झाल्यास मर्यादा कोठे पडते? पत्ता सात द्विमान अंकांचा व शून्य राखीव. म्हणून तत्त्वतः हबांसह १२७ साधने सामावतात. संदेशवहनाचीही अडचण नाही. १९८३ च्या मिडी तारेचा वेग सेकंदास ३१,२५० बिट, तर यूएसबीचा ‘पूर्ण वेग’ १.२ कोटी बिट होय. खरी उणीव विद्युत्प्रवाहाची. यूएसबी २.० चे द्वार ५०० मिलिअँपिअर पुरविते. त्यावरच चालणाऱ्या हबाकडून प्रत्येक शाखेस १०० मिलिअँपिअरचाच भरवसा असतो. परिणामी अधिक प्रवाह घेणारा नियंत्रक वादन चालू असतानाच बंद पडतो आणि दोष संगणकास दिला जातो. तेव्हा नवा संगणक घेण्यापूर्वी स्वतंत्र वीजपुरवठ्याचा हब योजून पाहणे श्रेयस्कर होय.