अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी?

मनुष्यबळ विकास म्हटलं की डोळ्यांसमोर आयटीआय येतं, इंजिनिअरिंग कॉलेज येतं, फार तर जिल्हा परिषदेची शाळा. अंगणवाडी येत नाही, कारण तिथे मुलं खिचडी खायला जातात अशी आपली समजूत. वास्तविक 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा सेवा आहेत. पूरक आहार ही त्यातली एक. लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती या बाकीच्या पाच. त्यांची बातमी सहसा होत नाही.

'पोर धडधाकट आहे, नुसतं बुटकं आहे, आजोबांवर गेलंय,' हा गैरसमज जास्त चिवट. कुपोषित म्हणजे बरगड्या दिसणारं मूल, हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उंची खुंटलेलं मूल मात्र कुपोषित वाटतच नाही, फक्त वयाने लहान वाटतं. म्हणून मोजावं लागतं. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर आडवं झोपवायचं, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे अलगद दाबून सरकती पट्टी टाचांना टेकवायची आणि बाळ रडत, लाथा झाडत असतानाच आकडा वाचायचा. सेंटिमीटरभर चुकलं तरी मूल वेगळ्याच श्रेणीत जाऊ शकतं. 'अंगणवाडी सेविकेला काय काम असतं?' असं विचारणाऱ्याने एकदा करून पाहावं.

आणि आजोबांचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली आणलेले वाढीचे तक्ते सहा देशांतल्या मुलांवरून बेतले आहेत. त्यात दक्षिण दिल्लीची मुलं होती, नॉर्वेतल्या ओस्लोचीही. खाणंपिणं आणि निगा नीट असलेल्या घरांतल्या या मुलांची उंची सगळीकडे जवळपास सारखीच वाढली.

'इतकी वर्षं आहाराची पाकिटं वाटली, फरक काय पडला?' फरक पडला, मग अडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची खुंटलेली मुलं 2005-06 मध्ये सुमारे 46 टक्के होती, 2015-16 मध्ये 34 आणि 2019-21 मध्ये 35. उंचीचं बरंचसं गणित गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत ठरतं, आणि याच सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. तीन वर्षांखालच्यांना घरपोच आहार मिळतो. पण पाकीट बाळाच्या नावाचं असलं तरी चूल घरातल्या सगळ्यांची असते. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना पाकिटाऐवजी एक वेळचं ताजं, गरम जेवण देण्याचं ठरलं, हे त्या दृष्टीने शहाणपणाचं.

सेविका पगारदार सरकारी नोकर आहे, हाही समज चुकीचा. तिला मिळतं ते मानधन. ग्रॅच्युइटीवर तिचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावं लागलं. एकाच बाईने शिजवण्यावर लक्ष ठेवायचं, वजनं घ्यायची, मोबाइलवर नोंदी भरायच्या आणि शिकवायचंही. तमिळनाडूत काही अंगणवाड्यांना अर्धवेळ जादा सेविका देऊन पाहिली. शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांची भाषा-गणिताची समज सुधारली आणि उंची खुंटलेल्यांचं प्रमाणही घटलं.