कमी धुराची बहुइंधन चूल : निवडीचे निकष आणि बंगळुरूचा अनुभव

ग्रामीण ऊर्जेच्या प्रश्नाचा विचार करताना वीज आणि पंप यांची चर्चा सर्वाधिक होते. प्रत्यक्षात ग्रामीण कुटुंबाच्या ऊर्जावापराचा सर्वांत मोठा भाग स्वयंपाकघरात खर्च होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४९ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी मुख्यतः सरपण वापरत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ५८.६ टक्क्यांवर पोहोचले. ही प्रगती लक्षणीय आहे. तथापि उरलेल्या कुटुंबांच्या घरात आजही चूल पेटते आणि गॅस असलेल्या अनेक घरांतही ती पूर्णपणे विझलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. चूल कोणती निवडावी हा प्रश्न म्हणूनच आरोग्याचा, श्रमाचा आणि अर्थकारणाचाही आहे.

बंगळुरूतील प्रयत्नांची पार्श्वभूमी

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास ज्या संस्थांनी प्रथम हाती घेतला, त्यांत बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अग्रस्थानी आहे. प्रा. अमूल्य कुमार रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये तेथे ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञानाचा उपयोग करणारा ‘अस्त्र’ हा विभाग स्थापन झाला. तुमकुरु जिल्ह्यातील उंग्रा परिसरातील सहा गावांत या गटाने ऊर्जावापराची पाहणी केली. गावांच्या ऊर्जेचा मुख्य आधार सरपण असून त्याचा बहुतांश वापर स्वयंपाकासाठी व अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. सरपण प्रामुख्याने काटक्या-फांद्यांच्या रूपात गोळा केले जात होते आणि त्यासाठी स्त्रियांचे दिवसाचे अनेक तास खर्च होत होते.

या पाहणीच्या आधारे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ‘अस्त्र ओले’ ही चूल विकसित झाली. कन्नड भाषेत ‘ओले’ म्हणजे चूल. बंदिस्त अग्निकक्ष, त्याखाली हवा येण्यासाठी जाळी, एकापाठोपाठ तीन भांड्यांखालून जाणारा उष्ण वायूंचा मार्ग आणि शेवटी धुराडे अशी तिची रचना होती. महाराष्ट्रातील चुलीला असलेल्या वैलाचीच ही शास्त्रशुद्ध पुढची पायरी म्हणता येईल. पहिल्या भांड्याखालून निसटणारी उष्णता दुसऱ्या व तिसऱ्या भांड्याने टिपायची, हे तिचे मुख्य तत्त्व. पुढे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरूच्या ‘टाइड’ या संस्थेने ‘सरला’ चुलीचा प्रसार केला. चुली बांधण्याचे प्रशिक्षण देऊन स्त्रियांना त्यात व्यवसाय मिळवून देण्याचा प्रयत्नही तिने केला.

कार्यक्षमता आणि धूर : दोन वेगळ्या गोष्टी

चुलीची औष्णिक कार्यक्षमता म्हणजे इंधनातील एकूण उष्णतेपैकी भांड्यातील पदार्थापर्यंत पोहोचणारा भाग. ती दोन घटकांवर ठरते. पहिला घटक ज्वलनाचा : इंधन किती पूर्णपणे जळते? दुसरा उष्णतावहनाचा : निर्माण झालेल्या उष्णतेपैकी किती भांड्याला मिळते? धुराचा संबंध मुख्यतः पहिल्या घटकाशी आहे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेसे तापमान, हवेशी चांगले मिश्रण आणि जळण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही तर ते अर्धवट जळतात. हाच धूर होय.

हे दोन घटक काही वेळा परस्परांविरुद्ध जातात. भांडे आगीच्या अगदी जवळ आणले तर त्याला उष्णता अधिक मिळते, परंतु ज्वाला थंड भांड्याला टेकून विझते आणि धूर वाढतो. त्यामुळे इंधन वाचवणारी प्रत्येक चूल कमी धुराची असेलच असे नाही. भारतीय मानक ब्युरोच्या घन जैवइंधन चुलीविषयीच्या आयएस १३१५२ या मानकाच्या २०१३ मधील सुधारित आवृत्तीत म्हणूनच दोन्हींची स्वतंत्र मर्यादा ठरवलेली आहे. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याने हवा देणाऱ्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. भांड्याला मिळालेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे सूक्ष्म कणांचे उत्सर्जन अनुक्रमे ३५० आणि १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशीही अट आहे.

धुराडे असलेली चूल खोलीतील धूर बाहेर नेते, पण तो नाहीसा करीत नाही. दाट वस्तीत एका घराचा धूर शेजारच्या खिडकीतून आत येतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात : खर्च एकाच्या कृतीचा, भार दुसऱ्यावर. याउलट कोळशाच्या शेगडीतून डोळ्यांना दिसणारा धूर अल्प असतो, परंतु कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मोठ्या प्रमाणात निघतो. बंद खोलीत तो प्राणघातक ठरतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

एकाच इंधनावर विसंबण्याचा धडा

२००६ मध्ये बाजारात आलेल्या ‘ऊर्जा’ या पंख्याच्या चुलीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या गटाचे संशोधन आणि बीपी या कंपनीचे भांडवल यांतून ही चूल तयार झाली. शेतीतील टाकाऊ मालापासून दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, हे तिचे इंधन होते. विद्युतघटावर चालणारा लहान पंखा खालून व वरून अशी दोन ठिकाणी हवा देत असे. खालच्या हवेने इंधनाचा वायू होई आणि वरच्या हवेने तो वायू स्वच्छपणे जळत असे. २००९ च्या अखेरीपर्यंत सुमारे ४ लाख चुली विकल्या गेल्या. त्याच सुमारास हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आला.

तांत्रिकदृष्ट्या ही चूल सरस होती. मात्र तिचे यश गोळ्यांच्या नियमित पुरवठ्यावर आणि किमतीवर अवलंबून होते. शेतीतील टाकाऊ मालाला इतर उद्योगांकडून मागणी वाढली, तसा कच्चा माल महागला आणि गोळ्यांची किंमतही वाढत गेली. गोळ्या परवडेनाशा झाल्या वा मिळेनाशा झाल्या, त्या घरांत चूल कोपऱ्यात गेली आणि घरगुती ग्राहकवर्ग आटला. चूल घेणे म्हणजे पुढील अनेक वर्षांसाठी इंधनाची निवड करणे, हा या अनुभवाचा मुख्य बोध आहे.

बहुइंधन चुलीची गरज येथूनच निर्माण होते. कुटुंबाचे रोख उत्पन्न हंगामी असते आणि उपलब्ध जळणही ऋतूनुसार बदलते. बंगळुरूच्या आसपास नारळाच्या झावळ्या, करवंट्या आणि तुतीच्या काड्या मिळतात. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या व तुराट्या, तर पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाचट मिळते. उत्पन्न वाढले की कुटुंब जुने इंधन सोडून नव्या पायरीवर चढते, असे ‘ऊर्जेची शिडी’ ही संकल्पना मानते. प्रत्यक्षात कुटुंबे जुन्याला न सोडता नवे जोडतात. यास इंधनांचा एकत्रित वापर असे म्हणतात. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेखाली (प्रारंभ १ मे २०१६) आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे देण्यात आली. आज या योजनेतील जोडण्या १० कोटींहून अधिक आहेत. परंतु लाभार्थ्यांचा सरासरी वापर २०१९-२० मध्ये वर्षाला सुमारे ३ आणि २०२३-२४ मध्ये जवळपास ४ सिलिंडर इतकाच होता. उरलेला स्वयंपाक कशावर होतो, याचे उत्तर अंगणातील चुलीत सापडते.

उपयुक्त उष्णतेची किंमत

इंधनांची तुलना किलोच्या भावाने करणे दिशाभूल करणारे ठरते. तुलना भांड्यात पोहोचणाऱ्या उष्णतेच्या किमतीने करावी. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे ६४० मेगाज्यूल उष्णता असते. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास सुमारे ३८४ मेगाज्यूल उपयोगी पडते. सुक्या लाकडात किलोमागे सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता असते. पारंपरिक चुलीची कार्यक्षमता १० टक्के धरली तर एका सिलिंडरइतक्या कामासाठी २४० किलो लाकूड लागेल. २५ टक्के कार्यक्षमतेच्या चुलीत ९६ किलो, तर ३५ टक्क्यांच्या चुलीत सुमारे ६९ किलो पुरेल.

उदाहरणादाखल सिलिंडरची किंमत ९०० रुपये आणि विकतच्या लाकडाचा भाव किलोला ८ रुपये मानू. पारंपरिक चुलीवर तोच स्वयंपाक १,९२० रुपयांना पडतो, २५ टक्क्यांच्या चुलीवर ७६८ रुपयांना आणि ३५ टक्क्यांच्या चुलीवर सुमारे ५५२ रुपयांना. म्हणजेच विकतचे लाकूड जुन्या चुलीत जाळणे गॅसपेक्षाही महाग आहे. तरीही चूल टिकून राहते, कारण बहुतेक घरांत सरपण विकत घेतले जात नाही. ते गोळा केले जाते आणि त्यामुळे फुकट वाटते. येथे संधिखर्चाची संकल्पना उपयोगी पडते : मोळी आणण्यात गेलेले तास मजुरी, शिक्षण वा विश्रांती यांपासून वजा झालेले असतात. हे तास मुख्यतः स्त्रियांचे असतात, तर चूल खरेदीचा निर्णय अनेक घरांत पुरुषाच्या हाती असतो. खर्च करणारा एक आणि धूर सोसणारी दुसरी, या विभागणीमुळे चांगल्या चुलीची मागणी तिच्या खऱ्या उपयुक्ततेपेक्षा कमी राहते.

निवडीचे निकष

पहिला निकष इंधनाचा. वर्षातील बारा महिने कोणते जळण मिळते याची नोंद करून, त्यांतील सर्वांत निकृष्ट इंधन चूल कसे जाळते हे पाहावे. शेणाच्या गोवऱ्यांची राख अधिक असल्याने जाळी लवकर तुंबते. काड्या भराभर जळत असल्याने सतत सारव्या लागतात. पंख्याच्या चुलीत इंधन लहान तुकड्यांत घालावे लागते आणि ते तोडण्याचे श्रम कोणी करायचे हे आधीच ठरवावे लागते. जळण ओले असेल तर कोणतीही चूल धूर करते, कारण प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यात २ मेगाज्यूलहून अधिक उष्णता वाया जाते. जळण पावसापूर्वी सुकवून आडोशाला ठेवणे हा धूर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा निकष अन्नाचा. कर्नाटकात नाचणीचा मुद्दे जोर लावून घोटावा लागतो, त्यामुळे हलकी, उंच चूल डगमगते. महाराष्ट्रात भाकरी तव्यावर भाजून शेवटी निखाऱ्यांसमोर फुगवली जाते, त्यामुळे पुढून पूर्ण बंद असलेली चूल गृहिणीला अपुरी वाटते. अशा घरात जुनी चूल नव्या चुलीशेजारी पेटतच राहते आणि धूर घटत नाही.

तिसरा निकष देखभालीचा. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या आणि २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या, परंतु त्यांतील अनेक दुरुस्तीअभावी बंद पडल्या. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात चार वर्षे केलेल्या अभ्यासातही असेच आढळले. पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला. पुढे वापर अनियमित झाला, देखभाल थांबली आणि लाभ उरला नाही. म्हणून धुराडे साफ कोण करणार, जाळी व विद्युतघट तालुक्याच्या गावी मिळतात का, हे खरेदीपूर्वी विचारणे आवश्यक आहे. मानकाची चाचणी प्रयोगशाळेत, ठरावीक आकाराच्या सुक्या लाकडांवर होते. घरात एक आठवडा प्रत्यक्ष वापरून पाहिल्यास तिला पूरक माहिती मिळते.

धोरणाची दिशा

राष्ट्रीय जैवइंधन चूल उपक्रम (२००९) आणि उन्नत चूल्हा अभियान (२०१४) यांनी सुधारित चुलीला पुन्हा धोरणात स्थान दिले, तर उज्ज्वला योजनेने गॅसला प्राधान्य दिले. हे दोन मार्ग परस्परांचे पर्याय मानणे योग्य नाही. लाकूड जाळणारी उत्तम चूलही जागतिक आरोग्य संघटनेच्या घरातील हवेच्या निकषांपर्यंत सहसा पोहोचत नाही. त्यामुळे गॅस व वीज हेच अंतिम उद्दिष्ट राहते. मात्र सिलिंडर संपल्यावर आणि तो भरण्यास पैसे नसताना पेटणारी दुसरी चूल कोणती असावी, हा प्रश्न लाखो घरांत दर महिन्याला उभा राहतो. त्या चुलीला तीन-चार प्रकारचे जळण चालावे आणि तिची दुरुस्ती गावातच व्हावी. ती निवडताना रोज तिच्यासमोर बसणाऱ्या स्त्रीचे मत प्रथम विचारात घेतले जावे. असे झाले तरच बसवलेल्या चुलींची संख्या आणि खरोखर कमी झालेला धूर यांतील अंतर मिटू शकेल.