आकृती वाकडी उमटते तेव्हा

गणिताच्या शोधनिबंधातला त्रिकोण किंवा आलेख बऱ्याचदा माउसने काढलेला नसतो, टाइप केलेला असतो. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980च्या दशकात उभारलेली लाटेक ही मजकूरजुळणीची प्रणाली शास्त्रविषयांच्या मंडळींत चांगलीच रुळली आहे. तिच्यात आकृत्या काढायला जर्मनीतल्या टिल टांटाउ यांचे टिक्झ वापरतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढ, असे लिहून द्यायचे आणि फाइल कंपाइल करायची. आकृती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. बिघाड होतो तो मात्र एखाद्या अर्धविरामापायी.

टिक्झची प्रत्येक रेघ अर्धविरामाने संपते. तो राहिला, की पुढची ओळही आधीच्याच रेघेचा भाग समजली जाते आणि चूक दाखवली जाते ती पुढे कुठेतरी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! अर्धविराम विसरलात का, असे टिक्झ स्वतःच विचारते. पण लाल अक्षरांच्या त्या भाऊगर्दीत तेवढी ओळ वाचतो कोण? दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी तपासावी, हे जुन्याजाणत्यांना सवयीने कळते.

दुसरी ओरड असते 'डायमेन्शन टू लार्ज' ही. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला जनगणनेचा आलेख काढायचा आहे. आडव्या अक्षावर तो सरळ 1951, 1961 असे आकडे घालतो. एकक दिले नाही तर टिक्झ आकडा सेंटिमीटरमध्ये धरते, म्हणजे पहिलाच बिंदू साडेएकोणीस मीटर लांब! टेकची झेप जेमतेम पावणेसहा मीटर. प्रत्येक वर्षातून 1950 वजा करून अक्षाखाली खऱ्या वर्षाची पाटी लावली, की काम भागते. आलेखच काढायचे असतील तर पीजीएफप्लॉट्स हे पॅकेज ही आकडेमोड स्वतःच करते.

ओरडणाऱ्या चुका परवडल्या. खरा वेळ खातात त्या गप्प बसणाऱ्या, कारण फाइल बिनतक्रार कंपाइल होते.

साइनचा आलेख घ्या. शून्यापासून 6.28पर्यंत, म्हणजे एक पूर्ण लाट. कागदावर उमटते ती मात्र जवळजवळ सपाट रेघ, सव्वासहा सेंटिमीटर लांब आणि शेवटाला जेमतेम एक मिलिमीटर वर चढलेली. सूत्र बरोबर, अर्धविराम जागेवर. घोळ एवढाच, की टिक्झ कोन अंशांत मोजते आणि लिहिणाऱ्याच्या मनात रेडियन असतात. सव्वासहा अंशांत लाट कुठून उसळणार? चलापुढे रेडियनची खूण म्हणून एक 'आर' जोडला, की लाट उसळते.

स्केलचेही तसेच. आकृती निम्मी केली तरी नोडमधली, म्हणजे मजकुराच्या चौकटीतली, अक्षरे तेवढीच राहतात आणि चौकटी एकमेकींवर चढतात. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. नाहीतर लहान आकृतीतली अक्षरे वाचता आली नसती. चौकटीही लहान हव्या असतील तर 'ट्रान्सफॉर्म शेप' सांगावे लागते. जाड रेघेच्या त्रिकोणाचा एकच कोपरा खाचलेला दिसला, तर शेवटी 'सायकल' न लिहिता पहिला बिंदूच पुन्हा लिहिलेला असतो. डोळ्याला आकृती बंद झालेली दिसते, टिक्झच्या लेखी ती उघडीच असते.

मराठी पाट्या लावणाऱ्यांची आणखी एक अडचण. लाटेकचे झीलाटेक हे रूप वापरले, देवनागरी फॉन्टही दिला, तरी 'किरण' लिहिल्यावर पहिली वेलांटी क च्या पलीकडे जाऊन बसते. अशा वेळी टिक्झच्या ओळी उलटसुलट करून उपयोग नाही. फॉन्ट निवडताना 'स्क्रिप्ट' म्हणून देवनागरी सांगायची राहिलेली असते; ते सांगितले, की वेलांटी आपल्या जागी येते आणि जोडाक्षरेही नीट जुळतात.