गावच्या ई-क्लासवरचा गोल्फ

रविवारी दुपारी आम्ही सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पोचलो, तर गोल्फ खेळणारा एकही माणूस दिसेना. एक पोरगं हिरवळीच्या उतारावरून लोळत खाली येत होतं. एक म्हातारं जोडपं कुत्र्याला फिरवत होतं.

"हे मैदान आहे का बगिचा?" मी भाच्याला विचारलं.

"आज बगिचा, मामाजी. बाकीचे दिवस मैदान."

गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ, कुंपणाआडचा, अशी माझी पक्की समजूत. चांदूर रेल्वेच्या माणसाचा त्याच्याशी संबंध येतो तो टीव्हीवर चॅनल बदलताना. पण स्कॉटलंडमधलं हे सगळ्यात नावाजलेलं मैदान कुणा क्लबचं नाही, गावाचं आहे. आपल्या वऱ्हाडात गावाच्या चराईच्या जमिनीला आपण ई-क्लास म्हणतो, तसंच. समुद्र आणि शेतं यांच्या मधली ही रेताड पट्टी. नांगराला निरुपयोगी, म्हणून मेंढरांना मोकळी. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढरं जिथं बसायची, तिथं खड्डे पडले आणि त्यांचेच पुढे बंकर झाले, असं सांगतात. आज असे 112 बंकर आहेत.

हा खेळ स्कॉटलंडमध्ये इतका बोकाळला होता, की 1457 मध्ये राजा दुसरा जेम्स याने त्यावर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू मारत बसायचे. 1552 मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेत या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य झाला. तरी ई-क्लासच्या नशिबी असतं ते चुकलं नाही. नगरपालिका कर्जात बुडाली आणि 1797 मध्ये ही जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी बिळं पाडली, खेळणारे चिडले, प्रकरण कोर्टात गेलं. 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळ वाचवला. 1894 मध्ये ती पुन्हा गावाची झाली, त्यासाठी पार्लमेंटचा कायदा करावा लागला. आज कारभार एक ट्रस्ट पाहतो.

बाहेरच्या माणसाला इथं खेळायचं तर सोडत आहे. दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं द्यायची. भाच्याने बाकावर बसूनच मोबाइलवरून स्वतःचं आणि मित्राचं नाव टाकलं. संध्याकाळी ओरडलाच, "मामाजी, लागला ना नंबर!"

मंगळवारी त्याची पिशवी माझ्या खांद्यावर. मैदान समुद्राच्या कडेने दूर जातं आणि त्याच पट्ट्यातून परत येतं. म्हणून जाणाऱ्यांचं आणि येणाऱ्यांचं ग्रीन बहुतेक ठिकाणी एकच: एका हिरवळीवर दोन भोकं, दोन झेंडे. दुसऱ्याचा जोडीदार सोळावा, तिसऱ्याचा पंधरावा. बेरीज नेहमी अठरा. अठराचा आकडाही इथलाच. पूर्वी एक फेरी बावीस भोकांची होती. 1764 मध्ये सुरुवातीच्या चार भोकांची दोन केली, ती जाता-येता दोन्ही वेळा खेळायची, म्हणून फेरीतली चार कमी झाली. पुढे जगाने तोच आकडा उचलला.

चौदाव्यावर 'हेल' नावाचा बंकर आहे, माणसाच्या डोक्यावर जाईल इतका खोल. भाच्याचा चेंडू नेमका त्यातच. तीन फटके वाळूतच गेले. चौथ्याला चेंडू वर आला, त्याच्यामागून भाच्याची टोपी, मग भाचा.

सतराव्यावर मात्र मला घरी आल्यासारखं झालं. पहिला फटका मारायचा तो एका शेडच्या डोक्यावरून. पलीकडचं काही दिसत नाही. "मामाजी, ही रेल्वेची शेड. म्हणजे नक्कल," भाचा म्हणाला. ल्यूकर्सहून इथं 1852 मध्ये रेल्वे आली आणि 1969 च्या जानेवारीत बंद झाली. रूळ गेले, जुन्या शेड गेल्या. पण फटक्याची आडकाठी जायला नको, म्हणून त्याच आकाराची शेड पुन्हा उभी केली. आमच्या जिल्ह्यात चांदूर दोन. एकाच्या नावापुढे बाजार, दुसऱ्याच्या नावापुढे रेल्वे. मुंबई-नागपूर लाइन आमच्याकडून गेली म्हणून. आमच्याकडे रेल्वे नावात राहिली, इथं खेळात.

अठराव्यावर स्विल्कन ओढ्यावरचा छोटा दगडी पूल लागतो. तो मेंढरं पलीकडे नेण्यासाठी बांधलेला. आता मोठमोठे खेळाडू त्यावर उभे राहून फोटो काढतात.

पुढे एक डांबरी वाट मैदान आडवं कापत समुद्राकडे जाते. भाच्याने दुसऱ्या फटक्यासाठी काठी उचलली, तेवढ्यात दोन पिशव्या घेतलेली एक बाई त्या वाटेवर आली. तिने मान वळवूनही पाहिलं नाही, पावलंही भरभर उचलली नाहीत. जगभरातून लोक ज्या फटक्यासाठी सोडतीत नाव घालतात, तो फटका तिच्यासाठी थांबला. भाचा काठी खाली टेकवून उभा राहिला.

बाई पलीकडे गेली. मग खेळ पुढे.